पाच वर्षांच्या मुलीसोबत विजेवर चालणारी मॉडेल रेल्वे: सुरक्षित मांडणी कशी करावी?

प्रश्न: ठाण्याची_आई

नमस्कार. माझ्या धाकट्या दिरांनी अमेरिकेहून येताना आमच्या पाच वर्षांच्या मुलीसाठी विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा एक जुना संच आणला आहे. खोक्यावर ‘एचओ’ असे लिहिले आहे. त्यात एक वाफेचे इंजिन, चार डबे, गोलाकार मांडता येणारे लोखंडी रूळ, गाडीचा मार्ग बदलणारे, हाताने फिरवायचे दोन सांधे, गोल बटण फिरवून वेग कमी-जास्त करण्याचा ट्रान्सफॉर्मर आणि अगदी लहान माणसे, खांब, सिग्नल यांची एक पिशवी आहे. इंजिनाच्या धुराड्यातून धूर यावा म्हणून तेलाची एक छोटी बाटलीही आहे. ट्रान्सफॉर्मरवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असे छापलेले आहे आणि खोक्यावर ‘१४ वर्षांवरील व्यक्तींसाठी’ अशी सूचना आहे.

मुलगी रेल्वेवेडी आहे. आमच्या खिडकीतून मध्य रेल्वेचे रूळ दिसतात आणि लोकल कोणत्या दिशेला गेली हे तिला न पाहता, आवाजावरून सांगता येते. त्यामुळे संच माळ्यावर टाकून ती मोठी होण्याची वाट पाहावी असे मनाला पटत नाही. मात्र घरात दोन वर्षांचा मुलगाही आहे आणि हाताला लागेल ती वस्तू तो तोंडात घालतो. रुळांतून वीज वाहते आणि मूल त्या रुळांना हात लावणार, ही गोष्टच मला अस्वस्थ करते. हा संच कशा रीतीने मांडला तर मुलीला तो निर्धास्तपणे हाताळता येईल? रुळांना हात लागून झटका बसू शकतो का? अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मर पिनचा अडॅप्टर लावून आपल्याकडे वापरता येतो का? ज्यांनी लहान मुलांसोबत अशी मांडणी प्रत्यक्ष केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: सांधेवाला

ताई, सर्वप्रथम एक विनंती. तो ट्रान्सफॉर्मर आपल्या घरातील सॉकेटमध्ये अजिबात लावू नका. पिनचा अडॅप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. १२० व्होल्टसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपले २३० व्होल्ट दिले की त्याचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही), गुंडाळीतून भरमसाट प्रवाह वाहू लागतो आणि थोड्याच वेळात ती तापून जळते. तारेवरील लाखेचा थर वितळला तर आतील दोन गुंडाळ्यांमधील इन्सुलेशनही धोक्यात येते, आणि घरातील वीज व रुळांमधील वीज यांना वेगळे ठेवणारी गोष्ट नेमकी तेवढीच असते. स्टेप-डाउन कन्व्हर्टर लावून तो चालवता येईल असे कोणी सुचवेल, परंतु जुना, कोणी कसा वापरला हे ठाऊक नसलेला ट्रान्सफॉर्मर मुलाच्या हाती देण्यासाठी एवढी खटपट करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या मुख्य शंकेविषयी. एचओ प्रकारातील साध्या गाड्या साधारण १२ व्होल्ट डीसीवर चालतात. कोरड्या त्वचेचा रोध इतका असतो की एवढ्या दाबाने शरीरातून जाणारा प्रवाह जाणवतही नाही. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २४ व्होल्ट ही वरची मर्यादा घातली आहे ती याच कारणाने. त्यामुळे मुलीने दोन्ही रुळांवर हात ठेवला तरी तिला झटका बसणार नाही. धोका आहे तो भिंतीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या दोन हात लांबीच्या वायरीत, आणि दुसरा धोका आहे उष्णतेचा. सगळी मांडणी या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून करावी.

भिंतीकडच्या बाजूसाठी माझा सल्ला असा आहे. ज्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट इनपुट, १२ व्होल्ट डीसी आउटपुट आणि १ अँपिअर असे लिहिले आहे, ज्यावर एका चौकोनात दुसरा चौकोन असे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह आहे आणि बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह नोंदणी क्रमांकासह छापलेले आहे, असा अडॅप्टर घ्यावा. त्याला डीसी गाड्यांचा वेगळा कंट्रोलर जोडावा. मात्र कंट्रोलरला किती व्होल्ट लागतात आणि पिनची धन बाजू आत आहे की बाहेर, हे आधी पडताळावे. या रचनेचा फार मोठा लाभ हा की २३० व्होल्टचा भाग भिंतीजवळ, कपाटाच्या मागे किंवा उंचावरच्या सॉकेटमध्ये राहतो आणि मुलीच्या हातात जो कंट्रोलर येतो त्यात केवळ १२ व्होल्ट असतात. ट्रान्सफॉर्मर आणि वेगाचे बटण एकाच डब्यात असलेल्या जुन्या पद्धतीत २३० व्होल्टची वायर मुलाच्या मांडीपर्यंत येते, म्हणून लहान मुलांसाठी ती मला पसंत नाही. घराच्या वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. तो भिंतीकडच्या बाजूचेच रक्षण करतो. रुळांवर झालेला शॉर्ट त्याला कळत नाही, कारण मध्ये ट्रान्सफॉर्मरने दोन्ही बाजू तोडलेल्या असतात.

उष्णतेचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. आपण तारांना डाग देण्यासाठी वापरतो ती साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. १२ व्होल्ट आणि १ अँपिअर म्हणजे १२ वॉट. डबा रुळावरून घसरून दोन्ही रूळ जोडले गेले तर ही सगळी शक्ती त्या एका ठिकाणी उतरते, परंतु १२ वॉटमध्ये फारसे बिघडत नाही. हौशी लोक वापरतात त्या डिजिटल पद्धतीत मात्र ३ ते ५ अँपिअरचे पुरवठे असतात, म्हणजे १६ व्होल्टला ४८ ते ८० वॉट. एवढ्याने प्लॅस्टिकची बोगी वितळते आणि बोट भाजते. म्हणूनच आपल्यासाठी १ अँपिअर पुरेसा आहे. जुन्या इंजिनाला साधारण अर्धा अँपिअर लागतो. ‘जास्त अँपिअरचा घेतला तर पुढे उपयोगी पडेल’ असे दुकानदार म्हणाला तरी तो मोह टाळा.

रुळांची जोडणी झाल्यावर प्रत्येक दोन-तीन तुकड्यांनंतर एक नाणे दोन्ही रुळांवर आडवे ठेवून पाहावे. कंट्रोलरच्या संरक्षणाने तत्काळ वीज तोडली पाहिजे. सर्वांत दूरच्या टोकाला ती तुटत नसेल तर रुळांच्या सांधपट्ट्या (दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सैल आहेत आणि तेथे उष्णता साठू शकते, असे समजावे. याच कारणासाठी मुलीच्या हातातील धातूचे कडे, बांगड्या, अंगठी आणि पायातील वाळे खेळण्यापूर्वी काढून ठेवा. रुळांवर आडवे पडलेले चांदीचे कडे हाही शॉर्टच असतो, आणि तापलेला धातू मनगटावरून चटकन निघत नाही.

शेवटचा मुद्दा पुढील काळासाठी आहे. संच वाढवताना एकाच रुळाला दोन ट्रान्सफॉर्मर कधीही जोडू नका. जुने एसी ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनेही काम करतात. एकाचा प्लग सॉकेटमध्ये असेल आणि दुसऱ्याचा काढून जमिनीवर ठेवला असेल, तर पहिल्याचे १६ व्होल्ट रुळांमार्गे दुसऱ्यात शिरतात आणि त्या जमिनीवरच्या प्लगच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्लग काढलेला आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, हेच यातले भयंकर आहे. तसेच रुळांना जोडायच्या सुट्या तारांची टोके भिंतीवरील सॉकेटच्या भोकांत सहज जातात. मुलीला ‘गाडीची तार गाडीलाच’ हे पहिल्याच दिवशी शिकवा आणि खेळ संपल्यावर त्या तारा रुळांसोबत आत ठेवा.

उत्तर: नाशिक_बालरोग

सांधेवाला यांनी विजेविषयी लिहिले आहे ते अत्यंत महत्त्वाचे आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि आपला प्रश्न वाचताना माझे लक्ष पाच वर्षांच्या मुलीपेक्षा दोन वर्षांच्या मुलाकडे अधिक गेले.

तीन वर्षांखालील मुलांसाठी लहान भागांची एक सर्वमान्य चाचणी आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्णपणे मावते ती या वयाच्या मुलासाठी श्वास कोंडण्याचा धोका मानली जाते. एचओ म्हणजे मूळ आकाराचा ८७ वा भाग, म्हणून त्यातील माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर उंच असतो. माणसे, सिग्नल, कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारे आकडे), रुळांच्या सांधपट्ट्या आणि खिळे या सगळ्या वस्तू या नळीत बसतात. टॉयलेट पेपरच्या आतील पुठ्ठ्याची नळी याहून थोडी रुंद असते. घरी तपासताना तीच वापरावी आणि तिच्यातून जे जाते ते धाकट्याच्या वाट्याला येऊ नये असे ठरवावे. ती लहान माणसांची पिशवी निदान दीड-दोन वर्षे कुलूपबंद ठेवा. गाडी त्यांच्यावाचून तितकीच चांगली धावते.

धुराच्या तेलाविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. ही तेले बहुधा पॅराफिन वर्गातील असतात. रॉकेल पोटात गेल्यावर आपल्याकडे मुलांना जे होते तेच याने होऊ शकते. पातळ तेल गिळताना किंवा उलटीवाटे श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांना सूज येते. अशा प्रसंगी मुलाला उलटी करवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. ती बाटली घरातच नको. धुराडे तापते, हे आणखी एक कारण आहे. इंजिनाला धुरासाठी वेगळे बटण असेल तर ते कायम बंद ठेवावे.

बटणाच्या आकाराचे सेल आणि चुंबक यांचीही पाहणी करा. आवाज काढणाऱ्या किंवा दिवे लागणाऱ्या जोडसामानात बटण-सेल असतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तेथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित जावे, घरी वाट पाहू नये. एकाहून अधिक शक्तिशाली चुंबक गिळले गेले तर ते आतड्यांच्या दोन पदरांतून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला भोक पडते. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल तर ती वस्तू दोन वर्षांच्या मुलाच्या घरात ठेवू नये.

संच जुना असल्यामुळे रंगात किंवा डाग दिलेल्या जागी शिसे असू शकते. खेळून झाल्यावर दोघांचेही हात साबणाने धुवावेत आणि रुळांजवळ खाऊ घेऊन बसू नये. रंगाचे पोपडे निघत असलेला डबा असेल तर तो खेळातून काढून टाका.

मांडणीच्या उंचीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. पाच वर्षांच्या मुलीला उभे राहून गाडी नजरेच्या जरा खाली दिसावी तर टेबल सुमारे ६० सेंटिमीटर उंच हवे, आणि दोन वर्षांच्या मुलाचा हात त्या उंचीवर आरामात पोहोचतो. टेबल ९० सेंटिमीटर करून मुलीसाठी पायरी ठेवली तर धाकटा त्याच पायरीवर चढेल. म्हणून माझा सल्ला असा की उंचीच्या भरवशावर राहू नये, वेळेच्या भरवशावर राहावे. धाकटा झोपलेला असताना किंवा बाहेर फिरायला गेलेला असताना, दार लावून, मोठ्या माणसासोबत खेळ व्हावा आणि संपल्यावर सर्व सामान नजरेआड जावे. मुलीला हा तिचा स्वतःचा असा वेळ मिळतो, आणि धाकटे भावंड असलेल्या मुलांना त्याची मनापासून गरज असते.

उत्तर: ष्टुटगार्टकर

मी अनेक वर्षे जर्मनीत राहते. ग्योपिंगेन येथे १८५९ मध्ये सुरू झालेली मेर्क्लिन ही कंपनी आमच्या शहरापासून जवळच आहे, आणि या भागात नाताळच्या आधी घराघरांत रूळ मांडले जातात. इथे मुलांना रेल्वे देण्याचा एक क्रम रूढ आहे: आधी लाकडी रूळ आणि हाताने ढकलायची गाडी, मग सेलवर चालणारी गाडी, आणि शाळेत स्थिरावल्यावर रुळांतून वीज घेणारी गाडी. मेर्क्लिनचाच ‘माय वर्ल्ड’ हा तीन वर्षांवरील मुलांसाठीचा प्रकार सेलवर चालतो आणि त्याच्या रुळांत वीज नसते. म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. पाच वर्षांच्या मुलीला आधी सेलची गाडी द्यावी आणि अमेरिकेचा संच आणखी दोन-तीन वर्षे थांबवावा. खोक्यावरचे १४ हे वय गंभीरपणे घ्यायला हवे. बऱ्याच कंपन्या नाजूक मॉडेलवर असे वय लिहितात, कारण ती वस्तू खेळणे म्हणून तपासलेलीच नसते. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. १४ वर्षांवरील संग्राहकांची वस्तू त्या चौकटीबाहेर राहते.

इतिहासातील एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या खेळण्यांतील काही गाड्या भिंतीतील विजेवर, मध्ये केवळ एक दिवा रोध म्हणून जोडून चालवल्या जात. रुळांना हात लागला की जीवघेणा झटका बसू शकत असे. १९२० च्या दशकात कमी दाबाचे ट्रान्सफॉर्मर आले आणि ती पद्धत मागे पडली. आज आपण १२ व्होल्टच्या रुळांवर मुलांचे हात निर्धास्तपणे पडू देतो ते केवळ त्या ट्रान्सफॉर्मरमुळे, म्हणून त्याच्या दर्जावर पैसे वाचवू नयेत या सांधेवाला यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

उत्तर: सांधेवाला

ष्टुटगार्टकर, आपला क्रम योग्य आहे आणि ज्या घरात मोठ्या माणसाला सोबत बसायला वेळ नाही तेथे मीही तोच सुचवेन. तरीही या प्रकरणात मला थांबण्याची आवश्यकता वाटत नाही. पाच वर्षांचे मूल मोठ्यासोबत बसून बटण हळू फिरवणे, गाडी पूर्ण थांबल्यावरच दिशा बदलणे, सांधा लावून गाडी दुसऱ्या मार्गावर घेणे या गोष्टी उत्तम शिकते. त्याने करू नयेत अशा गोष्टी मोजक्या आहेत: प्लग लावणे-काढणे, इंजिन उघडणे, डाग देणे, कटर चालवणे. या चार गोष्टी मोठ्यांनी स्वतःकडे ठेवल्या तर बाकीचे सगळे मुलीच्या हाती देण्यास हरकत नसावी.

आपण दिव्याचा उल्लेख केला म्हणून एक खुलासा. आजही काही हौशी लोक १२ व्होल्ट, २१ वॉटचा मोटारीचा इंडिकेटरचा दिवा रुळांच्या तारेत जोडतात. शॉर्ट झाला की दिवा पेटतो आणि प्रवाह दोन अँपिअरच्या आत राहतो. तो जोडायचा तो १२ व्होल्टच्या बाजूला. भिंतीकडच्या विजेशी अशा दिव्याचा काही संबंध नाही. १ अँपिअरच्या अडॅप्टरला त्याची गरजही पडत नाही.

ठाण्याची_आई

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले त्याबद्दल मनःपूर्वक आभार. तेलाची बाटली आणि माणसांची पिशवी घरातून हलवली आहे, आणि ट्रान्सफॉर्मर कोणीही लावू नये असे सर्वांना सांगितले आहे. यजमानांशी बोलून असे ठरवले आहे की १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि कंट्रोलर घ्यायचा आणि धाकट्याच्या दुपारच्या झोपेच्या वेळी खेळायचे. आता दोन प्रश्न उरतात. मुलीला खंडाळ्याचा घाट हवा आहे, म्हणजे गाडी चढून पुलावरून स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायला हवी. आमच्याकडे जागा १२० × १८० सेंटिमीटर एवढीच आहे. दुसरे असे की सासरे दरवर्षी दिवाळीत नातवंडांसाठी मातीचा किल्ला करतात आणि यंदा किल्ल्याभोवती ही गाडी फिरावी अशी त्यांची फार इच्छा आहे. ते शक्य आहे का?

उत्तर: कोथरूडकर

ताई, घाटाचा हिशेब मी करून देतो, कारण तो मुलीसोबत बसून कागदावर मांडण्यासारखा आहे. बोरघाटाचा, म्हणजे खंडाळ्याच्या घाटाचा, प्रत्यक्ष चढ ३७ ला १ आहे, म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर चढते. आपल्या मॉडेललाही हाच चढ जवळपास कमाल मर्यादा म्हणून धरावा, त्याहून तीव्र चढावर छोट्या इंजिनाची चाके घसरतात आणि मोटर तापते. खालच्या गाडीवरून वरची गाडी जाण्यासाठी पुलाच्या जाडीसह निदान ८ सेंटिमीटर उंची हवी. म्हणजे चढायला सुमारे ३ मीटर आणि उतरायला तेवढेच, एकूण ६ मीटर रूळ. आपल्या फळीवर ४३८ मिलिमीटर त्रिज्येची वळणे घेतली तर पूर्ण फेरा साधारण सव्वाचार मीटरचा होतो. घाट बसत नाही. काही जण चढ दुप्पट करून तो बसवतात, आणि मग उतारावर डबे इंजिनाला ढकलत वळणावर येतात व गाडी पुलावरून खाली पडते. लहान मूल त्या वेळी नेमके पुलाशी तोंड नेऊन पाहत असते.

यावर उपाय असा की रूळ सपाट ठेवावेत आणि डोंगर त्यांच्यावर आणावा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवलेले वर्तमानपत्राचे थर आणि वर रंग. असा डोंगर हलका होतो आणि डोक्यावर पडला तरी इजा होत नाही. त्यात दोन बोगदे करावेत, पण डोंगराची मागची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी. बोगद्यात गाडी घसरली तर मुलीचा हात तिथपर्यंत सरळ पोहोचला पाहिजे, अन्यथा ती बोगद्याच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घालते आणि रुळ व डोंगर दोन्ही ओढून काढते. पाच वर्षांच्या मुलाची पोहोच ४५ ते ५० सेंटिमीटर असते, म्हणून १२० सेंटिमीटर रुंदीची फळी भिंतीला चिकटवू नका, दोन्ही लांब बाजू मोकळ्या ठेवा. १२ मिलिमीटर प्लाय, खाली दोन इंची पट्ट्यांची चौकट, कडांना पॉलिश पेपर मारून गोलाई आणि चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर उंचीची प्लायची कड, म्हणजे घसरलेली गाडी जमिनीवर जाणार नाही. चौकटीला चाके लावली तर पलंगाखाली सरकवता येते; डोंगर तेवढा उचलून वेगळा ठेवायचा. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलेली अडचण त्याने बरीचशी सुटते.

लोखंडी रुळांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ठाण्याच्या पावसाळ्यात ते गंजतात, गंजलेल्या रुळावर चाकाखाली ठिणग्या पडतात, गाडी अडखळते आणि मूल बटण पूर्ण फिरवून बसते. मग स्वच्छ तुकड्यावर येताच गाडी उसळते. शक्य असेल तर खडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पाया असलेले निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. ते न गंजता टिकतात, एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांना खिळे लागत नाहीत. रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, पण ते पेट घेते. प्लग काढून, खिडकी उघडून, मोठ्यांनी पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच गाडी सोडावी. वीज गेली तर बटण शून्यावर आणण्याची सवयही मुलीला लावा, नाहीतर वीज आल्याबरोबर गाडी अंधारातून एकदम पूर्ण वेगाने निघते.

आता किल्ला. आजोबांची इच्छा मला मनापासून समजते, तरीही ही गाडी मातीच्या किल्ल्याभोवती फिरवू नये असेच मी सांगेन. किल्ल्याची माती ओली असते, अळीव उगवावेत म्हणून तिच्यावर रोज पाणी शिंपडले जाते, आणि किल्ला बहुधा गॅलरीत किंवा अंगणात असतो. तेथपर्यंत एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा लागतो आणि ओल्या फरशीवर पाय ठेवून कोणीतरी तो चालू करतो. पणत्या, फुलबाज्या आणि प्लॅस्टिकचे डबे एका जागी असणे हेही धोक्याचे आहे. शिवाय मातीचा बारीक कण इंजिनाच्या दातेरी चाकांत गेला तर ते इंजिन कायमचे जाते. किल्ल्याभोवती गाडी हवीच असेल तर ष्टुटगार्टकरांनी सांगितलेली सेलवर चालणारी, प्लॅस्टिकच्या रुळांची गाडी तेथे अगदी योग्य आहे. रूळ मातीवर न ठेवता सभोवती एक फळी टाकून त्यावर ठेवावेत आणि पणत्या फळीपासून हातभर दूर, आजोबांच्या देखरेखीखाली असाव्यात. आजोबांना आतल्या डोंगरावर एखादा पुठ्ठ्याचा गड बांधायला सांगा. राजमाची गड खंडाळ्याच्या घाटाजवळच आहे, तेव्हा मुलीच्या घाटात तो शोभेल.

पुण्याला येणे झाले तर कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय मुलीला अवश्य दाखवा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. गाड्या किती हळू चालवल्या की खऱ्या वाटतात हे तिला तेथे पाहायला मिळेल. घरी गेल्यावर बटण हळू फिरव असे सांगावे लागणार नाही.

ठाण्याची_आई

घाटाचे गणित मुलीने बोटे मोजून ऐकले आणि बोगदे दोनऐवजी तीन हवेत अशी अट घातली आहे. सासऱ्यांना राजमाचीची कल्पना आवडली आणि किल्ल्याभोवती सेलची गाडी फिरवण्यास त्यांनी मान्यता दिली आहे. एक शेवटची शंका: तो अमेरिकेचा ट्रान्सफॉर्मर दिरांना परत देणे शक्य नाही. तो कपाटात ठेवला तर चालेल का?

उत्तर: सांधेवाला

कपाटात ठेवू नका, ताई. काही वर्षांनी घरातील कोणाला तरी तो सापडेल, पिनचा अडॅप्टरही सापडेल आणि ही चर्चा त्याने वाचलेली नसेल. प्लग सॉकेटबाहेर आहे याची खात्री करून पक्कडीने त्याची वायर डब्याच्या अगदी जवळ कापा, प्लगचे टोक वेगळे टाका आणि उरलेला डबा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. तीन बोगद्यांच्या बाबतीत एवढेच की प्रत्येक बोगदा सर्वांत लांब डब्याच्या दुपटीहून लांब करू नका, म्हणजे मागच्या मोकळ्या बाजूने तिचा हात कुठेही पोहोचेल.